घोडा लावण्याची शिस्तबद्ध कार्यपद्धती

रेसच्या नादाला लागून माणसं देशोधडीला लागतात, असा एक समज आपल्याकडे आहे. तो पसरवला बेशिस्त माणसांनी. ही माणसं रेसकोर्सवर येतात, पानवाल्याला नंबर विचारतात, घोडा लावतात, हरतात आणि घरी जाऊन गुपचूप जेवतात. नोंद नाही, व्हाउचर नाही, महिनाअखेरीस ताळा नाही. पैसे गेले म्हणतात, पण गेले याला पुरावा काय? प्रस्तुत लेखक एका बँकेत तेहतीस वर्षं काढून अधिकारी म्हणून निवृत्त झाला असून गेली सहा वर्षं पुण्याच्या आणि मुंबईच्या रेसकोर्सवर नियमितपणे, व्यावसायिक पद्धतीने आणि दोन प्रतींत हरत आहे. त्या अनुभवाचा लाभ होतकरूंना व्हावा, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू.

प्रथम खेळाची निवड. क्रिकेटच्या वाटेला जाऊ नये. क्रिकेटवरचा सट्टा आपल्याकडे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, ही अडचण आहेच. पण माझा मुख्य आक्षेप परिभाषेला आहे. ज्या धंद्यात लाखाला पेटी म्हणतात, कोटीला खोका म्हणतात आणि व्यवहाराला ‘लगाया’ किंवा ‘खाया’ म्हणतात, तिथे लेखापरीक्षण कसं व्हायचं? जमेच्या बाजूला काय लिहायचं, ‘खोके दोन’? मोबाइलवर संघ मांडून पैसे लावण्याची एक सोय मध्यंतरी होती. माझा पुतण्या त्यात होता. फार शिस्तीचा मुलगा. रात्री दोनपर्यंत अभ्यास करायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि तो एका रात्रीत बेकार झाला. तशी नोकरी त्याला आधीही नव्हती, पण तेव्हा ते जाणवत नसे.

उरले घोडे. घोड्यांच्या बाजूने साक्षात सर्वोच्च न्यायालय आहे. मद्रासच्या रेस क्लबचं प्रकरण न्यायालयात गेलं होतं. जानेवारी १९९६ मध्ये निकाल लागला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकीची हुशारी, हे सगळं जोखून माणूस पैसे लावतो, म्हणून तो जुगारी नव्हे. या निकालाची झेरॉक्स लॅमिनेट करून जवळ बाळगावी. मी ती घरी दाखवली. सौभाग्यवतींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “यात कौशल्य घोड्याचं म्हटलंय की तुमचं?” कायद्याची भाषा सामान्य माणसाला कळत नाही ती अशी.

कामाचं वर्ष पुढीलप्रमाणे धरावं. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. मधले मे-जून हे दोन महिने लेखापरीक्षण आणि घरच्यांशी संबंध पूर्ववत करणं यासाठी. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते. १९४३ पासून चालत आलेली, २४०० मीटरची. त्या दिवशी व्यावसायिकाने सुट्टी घ्यावी. मोठमोठ्या टोप्या घातलेल्या बायका आणि वर्षातून एकदा येणारे पुरुष यांची इतकी गर्दी असते की घोड्याऐवजी टोप्यांची वंशावळच लक्षात राहते.

आता वही. वहीवर मी थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण नवीन माणूस सगळं लक्ष घोड्यांवर देतो आणि इथेच चुकतो. घोडा दीड मिनिट पळतो. वही कायमची असते. अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही आणावी. स्पायरल नको, पान फाडायचा मोह होतो. पहिल्या पानावर श्री. दुसरं कोरं. तिसऱ्या पानापासून आडव्या पानावर अकरा रकाने आखावेत: तारीख, रेस क्रमांक, अंतर, मैदानाची स्थिती, घोडा, जॉकी, वजन, भाव, लावलेली रक्कम, निकाल आणि शेरा. मैदानाची स्थिती डोळ्यांनी ठरवू नये. पेनिट्रोमीटर नावाची वस्तू असते. ती जमिनीत किती रुतते त्यावरून मैदान कडक की मऊ ते कळतं आणि तो आकडा जाहीर होतो. पुण्यात पावसाळ्यात हा आकडा वाचायला फार बरं वाटतं. आपण हरलो ते चिखलामुळे, असं दशांशात लिहिता येतं.

‘शेरा’ हा रकाना रुंद ठेवावा. ‘हरला’ एवढंच लिहिणं हे अपुऱ्या निरीक्षणाचं लक्षण आहे. ‘सुरुवात उत्तम, वळणावर अडला, शेवटी विचार बदलला’ असं लिहावं. माझ्या वह्यांत घोडे सहसा हरत नाहीत. ते कुठे ना कुठे अडतात. आणि गेलेली रक्कम ‘तोटा’ या खात्याला कधीही टाकू नये. मी ती ‘शिक्षण खर्च’ या शीर्षाखाली दाखवतो. विमा कंपनीतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही दरमहा माझी वही तपासतात. त्यांनी एकदा हरकत घेतली होती की शिक्षण सहा वर्षं चालू आहे आणि पदवीचा उल्लेख कुठेच नाही. मी त्यांना डॉक्टरेटची उदाहरणं दिली.

भांडवल वेगळं असावं. घरखर्चाच्या पैशाला हात लावणं म्हणजे जुगार. वेगळ्या खात्यातल्या पैशाला हात लावणं म्हणजे गुंतवणूक. मी पीपीएफची मुदत संपल्यावर एक लाख बाजूला काढले आणि नियम केला: कोणत्याही रेसला उरलेल्या भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त लावायचं नाही. या नियमाचं सौंदर्य पाहा. लागोपाठ शंभर रेस हरलात तरी लाखाचे १३,२६२ रुपये शिल्लक राहतात. बेशिस्त माणूस हे काम एका रविवारात उरकतो. शिस्तीच्या माणसाला त्याला सगळा सीझन लागतो, आणि शिवाय शेवटी रिक्षापुरते पैसे असतात. गणिताच्या दृष्टीने भांडवल कधीच शून्य होत नाही. ते नुसतं त्या दिशेने चालत राहतं, पंढरीच्या वाटेवर माणूस चालतो तसं.

टिपांबद्दल फार गैरसमज आहेत. टिप घेऊ नये असं पुस्तकात सांगतात. मी म्हणतो घ्यावी, पण मोजून घ्यावी. १९५६ साली अमेरिकेत बेल लॅब्समधल्या जॉन केली नावाच्या शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. विषय तारेतून जाणाऱ्या माहितीचा आणि गोंगाटाचा. उदाहरण मात्र त्याने असं घेतलं की एका जुगाऱ्याला खासगी तारेवरून निकालाची आगाऊ खबर मिळते, पण तारेत खरखर आहे. तर त्याने किती पैसे लावावेत? हा निबंध वाचला आणि मला आमचा पानवाला दिसला. मी एक आख्खा पुणे सीझन त्याच्या टिपांची नोंद ठेवली. साधारण दहा घोड्यांची रेस आणि दहांतून एकदा त्याचं बरोबर. म्हणजे शास्त्राच्या कसोटीवर पानवाला शंभर नंबरी आहे: नुसती खरखर, माहितीची कणभर भेसळ नाही. मैदानावर भेटलेल्या एका मोतद्दाराचं तसं नव्हतं. तो घोड्याला रोज खरारा करतो, त्याला आतलं माहीत असतं, अशा भरवशाने मी त्याच्या सहा टिपा लावल्या. सहाही त्याच्या स्वतःच्या घोड्याच्या होत्या. आईला मुलगा कसा वाटतो हे विचारायला खासगी तार कशाला हवी?

पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात तेव्हा कठड्याला टेकून पाहावं. काय पाहावं याबद्दल मतभेद आहेत. जाणकार कातडीची चकाकी, कानांची ठेवण, घाम पाहतात. मी गुडघे पाहतो, कारण तेवढ्या एका अवयवाबद्दल मला स्वतःचा अनुभव आहे. इतकं करून घोडा निवडला की एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेसमध्ये हँडिकॅपर नावाचा एक अधिकारी असतो. जो घोडा चांगला, त्याच्या पाठीवर हा जास्त वजन देतो. जॉकी हलका पडला तर खोगिराशी शिसं ठेवून ते भरून काढतात. सगळे घोडे शेवटच्या खांबाशी एका रेषेत यावेत, हे या माणसाचं ध्येय. म्हणजे तुमच्या ज्या कौशल्याला न्यायालयाने मान्यता दिली, ते निकामी करण्यासाठी एका माणसाला पगार मिळतो. मला त्याच्याबद्दल राग नाही. बँकेत मीही अनेक वर्षं कर्ज विभागात होतो.

आणि आता दर. इथपर्यंत ज्यांनी पेन हातात घेतलं नसेल त्यांनी घ्यावं.

लावलेल्या संपूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. शीतपेयं आणि मोठ्या मोटारी ज्या पंगतीत बसल्या, तिथेच आम्हालाही पान मांडलं. लक्षात घ्या, कर जिंकलेल्या पैशावर नव्हे, लावलेल्या पैशावर. शंभराची पैज म्हणजे खिशातून १४० गेले. समजा घोडे बाजूला ठेवले आणि नुसतं नाणं उडवलं. छापा पडला तर शंभराचे दोनशे, काटा पडला तर राम. सचोटीचा, बरोबरीचा खेळ. त्यात १४० देऊन २०० मिळवायचे आणि ना नफा ना तोटा राहायचं, तर छापा-काटा किती वेळा बरोबर सांगता आला पाहिजे? शंभरात सत्तर वेळा. ज्याला शंभरात सत्तर वेळा छापा-काटा सांगता येतो त्याने रेसकोर्सवर वेळ घालवू नये, मठ काढावा. हे झालं नाण्याचं. प्रत्यक्षात क्लबही आपली वजावट करूनच जिंकलेल्यांना वाटतो. जिंकलेल्या पैशांवर पुन्हा ३० टक्के आयकर; एका वेळी दहा हजारांच्या वर जिंकलात तर तो जागीच कापतात. खर्च वजा मिळत नाही. एका शनिवारी हरलेले पैसे पगारातून, पेन्शनमधून, कशातूनच वजा मिळत नाहीत. मी रिटर्न भरताना ‘शिक्षण खर्च’ दाखवून पाहिला. आमच्या सीएने फोनवर बराच वेळ काही म्हटलं नाही.

यावर एक पळवाट आमच्या विमावाल्या स्नेह्यांनी शोधली होती: स्वतःच घोडा घ्यावा. रेसचे घोडे बाळगणाऱ्याला त्यातला तोटा चार वर्षं पुढे ओढता येतो, फक्त तो घोड्यांच्याच उत्पन्नातून वजा व्हायला हवा. आम्ही चहा घेत बेरीज मांडली. खुराक, ट्रेनर, तबेला, डॉक्टर. एवढ्या खर्चात घोडा किती पळेल ते सांगता येईना, पण तोटा मात्र चार वर्षं पळणार हे निश्चित होतं. बेत रहित केला.

मग मी केलीचं सूत्र हातात घेतलं. त्याला जगभरचे व्यावसायिक मानतात. सूत्र सोपं आहे: जिंकण्याची शक्यता घ्या, त्यातून हरण्याची शक्यता भागिले नफ्याचं प्रमाण वजा करा, उत्तर येईल तेवढा भांडवलाचा हिस्सा लावा. न कमी, न जास्त. आपल्या नाण्याला हे लावू. जिंकण्याची शक्यता निम्मी, हरण्याची निम्मी, १४० वर नफा ६०. मी तीनदा केलं, एकदा कॅल्क्युलेटरवर केलं, मग नातीकडून करून घेतलं. उत्तर उणे ६६.६७ टक्के.

नवशिक्या इथे गोंधळतो. उणे दोन तृतीयांश भांडवल लावणं म्हणजे काय? म्हणजे खिडकीच्या पलीकडे जाऊन उभं राहणं. पैज लावू नका, घ्या. त्याहून बरं म्हणजे कर घ्या. सूत्राचा सल्ला असा की शहाण्या माणसाने सरकार व्हावं. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा ओलांडलेल्यांना हा मार्ग बंद आहे.

कुणी म्हणेल, जगात कुणी जिंकलंच नाही का? जिंकलंय. बिल बेंटर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ लास व्हेगासला पत्ते मोजून खेळायचा. कॅसिनोंनी दारं बंद केल्यावर १९८० च्या दशकात तो हाँगकाँगला गेला आणि तिथल्या रेसवर संगणकाचं प्रारूप तयार केलं. प्रत्येक घोड्याची ढीगभर माहिती त्यात भरली आणि त्यातून अफाट पैसा कमावला. १९९४ मध्ये त्यावर शोधनिबंधही लिहिला. मी त्याचं चरित्र बारकाईने अभ्यासलं आहे आणि मला दिलासा देणारी गोष्ट अशी की सुरुवातीला तोही हरत होता. तेवढ्या भागात मी त्याला तंतोतंत गाठलं आहे.

घोड्यांतून खात्रीने पैसा उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण तर आमच्या पुण्यातलंच. पूनावाला कुटुंबाचा रेसच्या घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय. म्हातारे घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत. तिथे घोड्यांच्या रक्तातून लस-सीरम बनवायचे. त्यातून सायरस पूनावालांना कल्पना सुचली आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. मी ही हकिगत रेसकोर्सच्या कठड्यावर अनेकांना सांगितली आहे. सगळे मन लावून ऐकतात, मान डोलवतात, आणि मग विचारतात, “बरं, तिसऱ्या रेसला काय?”

असो. सूत्र उणे म्हणतं, खिडकी उणे घेत नाही, तेव्हा शिस्तीत राहून लावता येण्याजोगी सर्वांत मोठी रक्कम म्हणजे शून्य. मग मी ठरवलं, शून्य तर शून्य, पण पद्धतशीर लावायचं. गेल्या पावसाळ्यात तीन शनिवार मी रोजच्यासारखा गेलो. छत्री, दुर्बीण, वही. पॅडॉकमध्ये गुडघे पाहिले, घोडा ठरवला, पेनिट्रोमीटर उतरवून घेतला, रांगेत उभा राहिलो. नंबर आला की खिडकीतला मुलगा विचारायचा, “काका, कुठला?” मी त्याला घोडा सांगायचो. “कितीचं?” शून्याचं, असं सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा मागच्याला पुढे बोलावलं, तिसऱ्या शनिवारी त्याने मला पाणी विचारलं. शून्याचं तिकीट छापून मिळत नाही. व्हाउचर म्हणून मी रिक्षाची पावती चिकटवली.

शून्य लावणं दिसतं तितकं सोपं नाही. शंभर लावलेला घोडा हरला तर माणूस शंभरावर सुटतो. शून्य लावलेला घोडा हरला तर फक्त शहाणपणाचा आनंद होतो, आणि तो आनंद शेअर करायला शेजारी कुणी नसतं, कारण शेजारचे सगळे दुःखात असतात. आणि शून्य लावलेला घोडा जिंकला तर… पहिल्या शनिवारी एक जिंकला. दुसऱ्या शनिवारी एक जिंकला. मी वहीत दोन नवे रकाने आखले: ‘न लावल्याने वाचलेले’ आणि ‘न लावल्याने बुडालेले’. तिसऱ्या शनिवारी पाचव्या रेसला माझा घोडा सगळ्यांच्या मागून, बाहेरच्या अंगाने, चिखल उडवत आला आणि एका मानेने जिंकला. आसपासची माणसं मला विचारत होती, काका, तुमचाच का? मी म्हटलं, माझाच. शेऱ्याच्या रकान्यात मी सहा वर्षांत प्रथमच ‘अडला नाही’ असं लिहिलं.

महिनाअखेरीस स्नेही वही तपासायला आले. त्यांनी दोन नव्या रकान्यांची बेरीज केली आणि चष्मा काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा महिना नफ्यात होता. नफा न लावलेल्या पैशांवरचा, हे खरं. पण नफा तो नफाच. शिवाय, ते म्हणाले, तुम्ही सूत्रात नाण्याची शक्यता घालताय. तुमची स्वतःची कुठे घातलीत? मी तिथल्या तिथे केलं. नऊ रेस, तीन बरोबर. शंभराला सरासरी सहाशे, खर्च १४०. सूत्राने उत्तर दिलं: अधिक १३.०४ टक्के. नऊ रेसचा नमुना फार लहान होतो, असं मी नोकरीत असतो तर समोरच्या अर्जदाराला ऐकवलं असतं. पण समोर अर्जदार नव्हता. समोर मी होतो, आणि माझी परतफेडीची पत मी व्यक्तिशः ओळखतो.

अडचण एकच. लाखाच्या भांडवलातलं जे उरलंय, त्याच्या १३.०४ टक्क्यांत रांगेत उभं राहण्याची लाज वाटावी अशी रक्कम येते. व्यवसाय वाढवायचा तर भांडवल वाढवावं लागतं, हे मी तेहतीस वर्षं लोकांना सांगत आलो. म्हणून परवा बँकेत गेलो, माझ्याच जुन्या शाखेत. काउंटरवरची मुलगी माझ्याच हाताखाली तयार झालेली. मुदत ठेव मोडायचा अर्ज तिने स्वतः भरायला घेतला, मुदतीआधीचा दंड किती बसेल ते सांगितलं; मी तो ‘प्राथमिक खर्च’ म्हणून टिपून घेतला.

“सर, कारण काय लिहू?”

“शैक्षणिक.”

“नातीच्या अ‍ॅडमिशनसाठी का?”

“नाही गं, माझंच. पहिलं वर्ष आहे अजून.”